उस्तादाची लेक

फौजी बाईला नाव विचारलं, की ती आधी नवऱ्याचा नंबर सांगते. नंबर, मग हुद्दा, मग नवऱ्याचं नाव, आणि शेवटी "की पत्नी". बाई अस्सल मराठी असली तरी एवढं वाक्य हिंदीतच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अगं, मला तुझं नाव पाहिजे. त्यांचं घेऊन काय करू? पगार थोडाच द्यायचाय मला त्यांना!" ती बिचारी गोंधळून गेली. कॅन्टीनमध्ये, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, क्वार्टरचा नळ गळतो म्हणून सांगायला गेली तरी, सगळीकडं तोच नंबर चालतो. तिचं स्वतःचं नाव विचारणारं माणूस तिला कित्येक दिवसांत भेटलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक नेम केला. पहिल्या भेटीत नवऱ्याबद्दल अक्षर विचारायचं नाही. बाईचं नाव, माहेरचं गाव, आणि चहात साखर किती.

मी साळवेबाई. नगरजवळ भिंगारमध्ये, छावणीच्या हद्दीला लागून असलेल्या बायकामुलांच्या समुपदेशन केंद्रात मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. समुपदेशक म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. रविवारी चर्चमधून बाहेर पडलं की त्या बायकांना सांगायच्या, "आमची सून भांडनं मिटवायच्या हापिसात हाय." मी म्हणायची, "आत्या, मिटवत नाही. ऐकून घेते." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "ऐकायचा पगार मिळतो व्हय? मंग मला बी लाव की तिथं."

केंद्राला जागा मिळाली होती पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं, फायलींवर पीठ बसायचं, आणि संध्याकाळी घरी गेले की आमचे हे म्हणायचे, "आलीस का भूत होऊन?" जागा बदलून मागा, असं सगळ्यांनी सुचवलं. मीही अर्ज करायच्या बेतात होते. पण हळूहळू लक्षात आलं, की शोधूनसुद्धा अशी जागा सापडली नसती. दळणाचा डबा काखेत घेऊन निघालेल्या बाईला "कुठं चाललीस" असं कोणी विचारत नाही. डबा खाली ठेवायचा, नंबर लावायचा आणि जिना चढायचा. गिरणीच्या घरघरीत बाई काय बोलते ते समोर बसलेल्या मलाच नीट ऐकू यायचं नाही, तर बाहेर काय कप्पाळ जाणार! वीज गेली की मात्र पंचाईत. गिरणी थांबली की बायका वाक्याच्या मध्येच गप्प व्हायच्या, आणि वीज येईपर्यंत आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसायचो.

बाहेरच्या लोकांना वाटतं, फौजी घराला कसली आलीय ददात. मदतीची दारंही तशी पुष्कळ आहेत. पलटणीच्या मोठ्या साहेबांकडं, म्हणजे सीओ साहेबांकडं जाता येतं. लष्कराचा दवाखाना आहे. बाहेर पोलीस आहेत, मार खाणाऱ्या बायकांसाठी सरकारनं नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत, मुलांसाठी जिल्ह्याची बालकल्याण समिती आहे. पण बाहेर गेलं की कोणीतरी म्हणतं, हे लष्कराचं, तिकडं जा. तिकडं गेलं की कोणीतरी म्हणतं, घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा. आणि सीओ साहेबांचं नाव काढलं की बाई उठायलाच बघते. नवऱ्याच्या कागदावर लाल शाईची नोंद पडली तर बढती अडते. बढती अडली की लवकर निवृत्ती, म्हणजे क्वार्टर गेलं, शाळा गेली, दवाखाना गेला. मार खाणाऱ्या बाईनं आपल्याच हातानं आपलं छप्पर उतरवायचं, असा तो मामला. कुठलं दार आधी वाजवायचं हे तिचं ठरेपर्यंत तिच्याबरोबर बसायचं आणि ठरलं की सोबत चालायचं, हे माझं काम.

सगळ्याच वेळी जमलं असं नाही. जामखेडकडची एक सुनीता यायची. नवरा सीमेवर, ही सासरी, आणि हात उचलणारा दीर. आम्ही नवऱ्याच्या पलटणीला कळवलं. तो रजा काढून आला, गोड बोलला, तिला घेऊन गेला. रिक्षात बसताना तिनं मला हात केला. नंतर फोन बंद. माहेरी विचारलं तर "बरी हाय" एवढंच. बरी म्हणजे काय, हे मला आजही माहीत नाही, आणि आठवण आली की जेवण जात नाही. दिवाळीच्या अंकात हे कशाला, असं म्हणाल. पण ताटात नुसती करंजी-लाडूच वाढले तर ते खोटं होईल. आता मनीषाचं सांगते.

छावणीत दर महिन्याला बायकांचा मेळावा असतो. मला तिथं बोलायला बोलावत. आता तिथली बैठक कशी, तर पुढं सोफ्यावर अधिकाऱ्यांच्या बायका, मागं सुभेदारांच्या, त्यामागं हवालदारांच्या, आणि अगदी पंख्याचा वारा पोचत नाही तिथं शिपायांच्या. कोणी सांगत नाही, कुठं चिठ्ठी लावलेली नसते, पण प्रत्येकीला आपली खुर्ची पाठ असते. मी तळमळून भाषण केलं, की बायांनो, सहन करू नका, बोला. मग आयोजक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "कुणाला घरी काही त्रास आहे का? मोकळेपणानं सांगा." मी कपाळाला हात लावला. नवऱ्याच्या साहेबाची बायको पुढच्या खुर्चीवर बसलेली असताना कोण हात वर करणार! सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी.

पुढं एकदा मी हट्ट धरून खुर्च्या गोलात मांडायला लावल्या. तर बायकांनी काय करावं? गोलातसुद्धा हुद्द्यानुसार बसल्या! सीओ साहेबांच्या मॅडमच्या उजव्या हातापासून सुरुवात, आणि शेवटची शिपायाची बायको गोल फिरून मॅडमच्या डाव्या हाताला आली, तेव्हा तिला घाम फुटला.

पण त्या आधीच्या मेळाव्यात भाषण वाया गेलं म्हणून मी चिडून समोसा खात उभी होते. एक सावळी, काटक बाई जवळ आली. पदर डोक्यावर, नजर खाली. "बाई, तुमच्याकडं गुडघ्याचं औषध भेटतं का ओ? पोरीच्या गुडघ्याचं."

या धंद्यातली एक गोष्ट सांगते. बाईचा पहिला प्रश्न खरा प्रश्न नसतो. कोणी शिलाई मशीनची चौकशी करतं, कोणी शाळेच्या प्रवेशाची. हिनं माझं अख्खं भाषण ऐकलं होतं आणि मी डॉक्टर नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "औषध नाही, पण गुडघा बघते. दळण आणते म्हणावं, आणि पोरीला घेऊन ये." तिनं मान हलवली आणि समोसा न घेताच गेली.

चार दिवसांनी आली. नाव मनीषा. माहेर आणि सासर दोन्ही अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, धरणाच्या वरच्या अंगाला. चहात साखर जास्त. पोरगी तिसरीतली, नाव प्रांजल. केस चापून-चोपून दोन वेण्या, पायात पांढरे बूट. आली ती भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. हात मांड्यांना चिकटलेले, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडं.

"बस गं बाळा," मी म्हटलं. हलली नाही. लिमलेटची गोळी पुढं केली. गोळीकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाई," मनीषा हळूच म्हणाली, "तिला विश्राम म्हनावं लागतं."

नेमकी तेव्हाच वीज गेली. गिरणी थांबली. तो शब्द खोलीत केवढा तरी मोठा वाटला. घसा खाकरून मी म्हटलं, "विश्राम." पोरीनं डावा पाय बाजूला टाकला, दोन्ही हात पाठीमागं बांधले, आणि तशीच उभी राहिली. विश्राम म्हणजे बसणं नव्हे, हे मला मेलीला कुठं ठाऊक!

"आता बैठ जाओ म्हना," मनीषा म्हणाली.

मी म्हटलं. प्रांजल बसली. फ्रॉक गुडघ्यावरून सरकला आणि मला ते गुडघे दिसले. सोलवटलेले, खपली धरलेले, खपलीवर पुन्हा सोलवटलेले. मी लिमलेटची गोळी तिच्या हातात ठेवली आणि तिला खिडकीपाशी गिरणीवाल्याच्या मांजराची पिल्लं बघायला पाठवलं. तिथंही हुकूम द्यावाच लागला. मग वीज आली, गिरणी सुरू झाली, आणि मनीषा बोलायला लागली.

नवरा दत्तात्रय, हवालदार. नव्या भरतीच्या पोरांना कवायत शिकवणारा. त्यांना उस्ताद म्हणतात. नगरच्या उन्हात पोरांना घासून-पुसून जवान करायचे, हे त्याचं काम, आणि त्यात तो एक नंबर. घरी पहाटे पाचला प्रांजल उठायची. अंथरुणाची घडी चौकोनी आली नाही, की गच्चीवर कोपर-गुडघ्यावर रांगायचं. पाढा चुकला, की दप्तरात विटा घालून फेऱ्या. त्याला पिठ्ठू म्हणतात. रडलं की फेऱ्या वाढायच्या.

"मारत न्हाईत ओ बाई," मनीषा घाईघाईनं म्हणाली. "बोट लावत न्हाईत तिला. मला एकदा ढकललं, मी मधी पडले म्हनून. भिंतीवर आपटले. पन त्येंचा लई जीव हाय पोरीवर. पोरींना आता लष्करात मोठं ऑफिसर होता येतंय न्हवं, ते पेपरात वाचल्यापासून त्येंनी मनात धरलंय. म्हनत्यात, माझी प्रांजल ऑफिसर व्हनार, आन मी भर मैदानात तिला सलाम ठोकनार."

मला राग यायला हवा होता. आलं रडू. चष्मा पुसायच्या निमित्तानं मी उठले.

"मग आज का आलीस?" मी विचारलं.

"परवा तिला ताप हुता. तापात बी विटा घिऊन पळाली. म्हनली न्हाई, की पप्पा ताप हाय. आन झोपंत काय बोलती म्हाईतीये का? 'गलती हो गई, उस्ताद.' पप्पा म्हनत न्हाई ओ. उस्ताद म्हनती." ती तोंडात पदर कोंबून रडली. "शाळेतल्या बाई म्हनत्यात, किती शिस्तीची पोरगी. कुनाला सांगू?"

मी तिला स्पष्ट सांगितलं, की तुझ्या एकटीचं असतं तर तुझ्या इच्छेबाहेर मी पाऊल टाकलं नसतं. पण लेकराचं आहे. हे मी पोटात ठेवू शकत नाही, समितीला कळवावंच लागेल. मनीषा ताडकन उठली. "लाल शाई लागंल बाई! ह्या वर्षी नायब सुभेदार व्हनार हायेत. मला घराबाहेर काढतील, पोरीला ठिवून घेतील." ती पिशवी उचलून निघालीच होती. मी दाराशी आडवी गेले. असं मी कधी करत नाही, पण सुनीतानं रिक्षातून हात केलेला डोळ्यांपुढं आला.

"कळवणार तर आहेच," मी म्हटलं. "पण कागद जायच्या आधी मी कुणाशी बोलू ते तू सांग. तुझा नवरा कुणाचा शब्द खाली पडू देत नाही?"

ती परत खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "सुभेदार साहेबांचा. त्येंच्याच हाताखाली शिकलेत. पन तिकडं नको. सुभेदारीनबाई आमच्या खालच्याच क्वार्टरला राहत्यात. लई कडक बाई. त्यांना कळलं, की सगळ्या लायनीत व्हनार."

"कळलेलं नसेल असं वाटतं तुला? गच्चीवरून विटा घेऊन पोरगी पळते, आणि खालच्या बाईला कळत नाही?"

तिनं माझ्याकडं बघितलं. हा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता. शेवटी म्हणाली, "जावा मंग. पन माझ्या समोर नका."

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी गेले. सुभेदारीणबाई बेलापूरच्या. पडद्यांना इस्त्री, भांड्यांना रांग, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी गुडघ्यांपासून सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांनीच मला थांबवलं.

"मला काय सांगता बाई? रोज पहाटं माझ्या डोक्यावर परेड होते."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. मला अशा वेळी सबुरी राहत नाही.

"बोलले की. यांना बोलले. हे म्हणाले, चांगला उस्ताद हाय, पोरगी घडवतोय, तू मधी पडू नको." त्यांनी आतल्या खोलीकडं नजर टाकली, आणि मग मुद्दाम थोडं मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या अमोलला बी असंच घडवला. पहाटं पळवला, उन्हात उभा केला. घडला. बंगलोरला मोठा इंजिनिअर हाय. मला रोज फोन करतो. काय जेवलीस, गोळी घेतली का, सगळं विचारतो. आणि यांनी फोन घेतला, की म्हणतो, 'आई, ठेवतो.' यांना आई म्हणतो, बाई. आवाज ओळखून पण."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुभेदार साहेब बाहेर आले. बनियन, हातात वर्तमानपत्र, मिशा पांढऱ्या. मला वाटलं आता दोघींचं काही खरं नाही. त्यांनी खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला, बटणं लावली, आणि मग विचारलं, "तुमचं ऑफिस सकाळी किती वाजता उघडतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढत होते तर सुभेदार साहेब आणि दत्तात्रय दोघं आधीच येऊन उभे. साध्या कपड्यांत, पण उभे असे की गिरणीतल्या बायका पदर सावरायला लागल्या. सुभेदार साहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "दत्ता, तू आत जा. मी इथं बसतो. हा हुकूम नाही. मी विनंती करतोय तुला."

दत्तात्रय माझ्यासमोर बसला. पाठ खुर्चीला लागू न देता. देखणा माणूस, प्रांजलचे डोळे त्याचेच.

"मॅडम, माझ्या बापानं मला बैलाच्या चाबकानं मारलंय," तो म्हणाला. "मी ठरवलं होतं, आपल्या पोराला हात लावायचा नाही. मी लावलेला नाही. मी मारत नाही, मी घडवतो."

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. त्या माणसानं खरोखरच मारणं सोडलं होतं. त्याच्या जागी त्याला जे शिकवलं गेलं, जे त्यानं हजारो पोरांना शिकवलं, ते आणून ठेवलं होतं. त्याच्या लेखी तो बापापेक्षा चांगला बाप होता. मी जर कायदा काढला असता, तर त्यानं सावधान होऊन ऐकला असता आणि पहाटे पाचला पुन्हा पोरीला उठवलं असतं.

म्हणून मी विचारलं, "तुमचे रिक्रूट किती वर्षांचे?"

"अठरा, एकोणीस. वीसही असतात."

"ताप आला तर?"

"सिक रिपोर्ट करतात. दवाखान्यात पाठवतो. तापात कोणी पळवत नाही मॅडम, जबाबदारी असते माझी."

"रविवारी?"

"सुट्टी. कपडे धुतात, घरी फोन करतात."

"रात्री तुम्ही त्यांच्या बराकीत झोपता?"

त्याला हसू आलं. "नाही मॅडम. उस्ताद घरी जातो. पोरं मग शिव्या घालतात आम्हाला, नकला करतात. आम्हीही केल्यात."

"प्रांजलचा उस्ताद कधी घरी जातो?" मी विचारलं. "चार दिवसांपूर्वी तिला ताप होता. तिनं सिक रिपोर्ट कुणाला करायचा?"

गिरणी खाली घरघरत होती. त्याचे हात गुडघ्यांवर होते, आणि बोटं हळूहळू मुडपत गेली.

"ताप होता?" त्यानं विचारलं.

"होता. झोपेत ती तुम्हाला पप्पा म्हणत नाही. उस्ताद म्हणते."

त्या माणसानं तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघत राहिला. मग जे म्हणाला, ते मी विसरणार नाही. "मॅडम, मला दुसरं काही शिकवता येत नाही. मला एवढंच येतं."

"असं कसं! डोंगरातलं पोर तुम्ही. लहानपणी काय करायचात?"

"खेकडे धरायचो," तो म्हणाला. "ओढ्यात. दगड उचलून."

"मग ते शिकवा की."

आता सिनेमा असता तर इथं संपला असता. आमच्या धंद्यात इथून सुरू होतं. मी कागद पाठवला. समितीकडून एक बाई घरी येऊन प्रांजलशी बोलून गेल्या. लष्कराच्या दवाखान्यात तिचे गुडघे तपासले, आणि दत्तात्रयला तिथल्या समुपदेशकाकडं जाणं भाग पडलं. सीओ साहेब तरुण होते. त्यांनी मला विचारलं, "माझ्यापर्यंत हे आधी का आलं नाही?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या मेळाव्यातल्या खुर्च्या बघा." त्यांना राग आला असावा, पण पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा दवाखान्यात मला बसायला खोली मिळाली, जिथं बाईला नंबर न सांगता येता येईल. दत्तात्रयला लाल शाई लागली नाही. लेखी ताकीद मिळाली, मैदानावरून भांडारात बदली झाली आणि त्या वर्षीची बढती हुकली. त्यानं तो राग मनीषावर काढला. हात उगारून नाही, अबोला धरून. मनीषा एवढ्या वेळा दळण घेऊन यायला लागली, की गिरणीवाला म्हणाला, "ताई, खानावळ काढली का?"

एकदा त्याचा आवाज चढलाच. पाढ्यावरूनच. प्रांजल गच्चीच्या दाराकडं निघाली आपण होऊन. तेवढ्यात खालून ठक्क, ठक्क, ठक्क. सुभेदारीणबाई पडदे काढायच्या काठीनं छत ठोकत होत्या. हे आमचं ठरलेलं होतं. आवाज चढला की काठी, आणि काठीनं भागलं नाही तर त्या स्वतः वर येणार. मनीषानं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. ज्या बाईला ती सगळ्यांत जास्त भीत होती, तिची काठी ऐकली की आता तिचा जीव भांड्यात पडायचा. दत्तात्रय त्या दिवशी गच्चीवर एकटाच जाऊन बसला म्हणे.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघं गावाला गेली. परत आल्यावर मनीषा एकटी आली तर अबोला सुटला होता. एवढंच म्हणाली, "ओढ्यावर घिऊन गेल्ते तिला. खेकडा चावला त्येंच्याच बोटाला. पोरगी हसली ओ बाई. मी तिचं हसू विसरूनच गेल्ते."

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या महिन्यातली गोष्ट. मनीषा वर आली, सोबत प्रांजल. आता तिला बस म्हणावं लागत नव्हतं. फरशीवर पालथी पडून, दोन्ही पाय हवेत हलवत, माझ्या जुन्या कागदाच्या पाठीवर चित्र काढत होती. एक वेणी सुटलेली. मनीषा आणि मी लोणच्याचं काहीतरी बोलत होतो. जिन्यावर बुटांचा आवाज आला. दत्तात्रय, काखेत दळणाचा डबा. आता दळण तोच आणायचा.

"चला," तो म्हणाला. "प्रांजल, उठ."

आवाज तोच होता, मैदानावरचा. माझ्याच पाठीचा कणा ताठ झाला. मनीषाचा हात पदरावर थांबला. पोरीचे हवेतले पाय थांबले.

आणि मग ती, वरसुद्धा न बघता, म्हणाली, "थांबा ना पप्पा. खेकड्याचे पाय राहिलेत."

माझी सगळी नोकरी, ते मेळावे, ती भाषणं, तो अर्ज-फाटा, सगळं त्या एका वाक्यासाठी होतं असं मला वाटलं. आणि तरी मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघायला घाबरत होते. त्याचा जबडा आवळला. त्यानं घड्याळाकडं बघितलं. मग डबा खाली ठेवला, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि मोज्यांवर आत येऊन तिच्याशेजारी फरशीवर बसला.

"किती राहिलेत?" त्यानं विचारलं.

"चार. आणि नांग्या."

"होऊ दे," तो म्हणाला.